कळवा ते आंबिवली, ताराचा फोन लागत नाही म्हणून

नातीच्या हळदीला बारा दिवस उरलेले आणि धवलारीण फोनच उचलेना.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही आगरी. आमच्या हळदीला हल्ली डीजे असतो, ड्रोनवाला असतो, नवरीच्या मैत्रिणी काळे चष्मे लावून नाचतात. पण धवला म्हणणारी बाई येऊन बसल्याशिवाय हळदीच्या ताटाला कोणी हात लावत नाही. तिला धवलारीण म्हणायचं. गाणी कागदावर नाहीत, आईच्या तोंडातून पोरीच्या तोंडात आलेली. एक बाई पुढे म्हणते, दुसरी मागून उचलते. आमच्या घरात पुढे म्हणणारी माझी थोरली बहीण तारा, आणि मागून उचलणारी मी, हौसा. तारा आंबिवलीच्या पुढे गावात राहते, मी कळव्याला.

पंधरा दिवस मी तिला फोन लावत होते. फोनमधली बाई एकच सांगायची, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. अगं, आंबिवली कुठे क्षेत्राच्या बाहेर जाते?

माझा मुलगा दिलीप म्हणाला, "आई, मावशी रुसलीय. माघात गेलीस तेव्हा तू तिच्या कालवणाला खारट म्हणालीस, सगळ्यांसमोर."

"खारट होतं म्हणून म्हटलं."

"मग आता भोग. आंबिवलीची एक बाई भेटलेली मला, ती म्हणाली मावशी ठणठणीत आहे, दिवसभर ओट्यावर बसून मोबाईलवर व्हिडिओ बघते. व्हिडिओ बघते आणि तुझा फोन घेत नाही. समज ना आता."

हे मला लागलं.  दिलीपचं पुढे सुरूच. दुसरी धवलारीण बघू, नाहीतर डीजेवाल्याकडे धवल्याचं रेकॉर्डिंग असतं, ते लावू. रेकॉर्डिंग! म्हणजे हळद लावायची तर ब्लूटूथला लावा, नवरीला कशाला?

सायली, म्हणजे नवरी मुलगी, नुसती म्हणाली, "आजी, तू आणि मावशीआजी नसाल तर मी त्या पाटावर बसून करू काय?"

पूर्वी धवलारणीला फोनवर सांगत नसत. पान, सुपारी, नारळ घेऊन दारात जायचं, पदरात घालायचं, मगच ती येणार. तेच करायचं ठरवलं. दिलीप म्हणाला रविवारी गाडीने नेतो. मी म्हटलं, रविवारपर्यंत तुझा डीजेवाला घरात येऊन राहील. मी उद्या जाते. एकटी.

सत्तरीला आलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा कळव्याहून आंबिवलीला एकटी निघाली. रात्रभर मला झोप नाही, शाळेची सहल असल्यासारखं. शाळेत मी दुसरीपर्यंतच होते, सहल काही नशिबात आली नाही, तेव्हा हीच.

(हे मी फोनमध्ये बोलते, फोन लिहितो. स्वल्पविराम सायलीचे. चुका फोनच्या.)

दिवस पहिला, सकाळ

तुम्ही म्हणाल ट्रेनने का नाही. कल्याणला गाडी बदला, पूल चढा, पूल उतरा. माझे गुडघे ते काम करत नाहीत. रस्त्याने जा, वेळ दुप्पट लागतो, पण बसायला मिळतं आणि दुनिया दिसते.

सात वाजता कळवा नाक्यावरून मुंब्र्याची शेअर रिक्षा. तिथून दुसरी शिळफाट्याला. सुट्टे पैसे जवळ ठेवा, रिक्षावाले पन्नासची नोट अशी बघतात जशी मी घरी छापलीय. मुंब्रा यायच्या आधी डाव्या हाताला खाडी दिसते. लहानपणी त्या बाजूला आमचं मिठागर होतं. आता तिथे काय आहे ते नीट दिसत नाही आणि मी मान वाकडी करून बघितलंही नाही. मान दुखते.

माझ्याकडे सायलीने दिलेला नवा फोन. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण ही सगळी गोष्ट त्यावर आहे. या फोनमध्ये नेटवर्क आपणहून उड्या मारतं. कधी ५जी, कधी ४जी, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात तर २जी. मालिका बघताना सासू तोंड उघडते आणि गोल फिरत बसतो. तर मी यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला. हिंदी बोलणारा माणूस सांगत होता की नेटवर्क आपल्या हाताने बसवता येतं. नंबर डायल करतो तिथे चांदणी (म्हणजे स्टार) जाळी (म्हणजे हॅश) चांदणी जाळी, मग चार सहा तीन सहा, मग जाळी चांदणी जाळी चांदणी. एक पान उघडतं. त्यात फोनची माहिती, त्यात खाली एक यादी, यादीत 'एलटीई ओन्ली' निवडायचं. म्हणजे फक्त ४जी. फोनने मग उड्या मारायच्या नाहीत, गप एका जागी बसायचं. व्हिडिओ शेवटपर्यंत काही मी बघितला नाही. शेवटी सगळे सबस्क्राइब करा म्हणतात.

मी केलं आणि माझा फोन सुतासारखा सरळ! सासू एका दमात बोलायला लागली. काय सांगू, मला इतका आनंद दिलीपच्या बारशालाही झाला नव्हता. बिल्डिंगमधल्या चार बायकांना करून दिलं. दिलीपला सांगितलं तर म्हणे, "आई, तू कशाला त्यात बोटं घालतेस?" त्याला स्वतःला येत नव्हतं, म्हणून.

शिळफाट्याला उतरले तेव्हा साडेआठ. पुलाखाली एक वडेवाली बसते, गरम वडा, लसणाची सुकी चटणी, आणि मिरची तळलेली. तिथेच खा, पुढे मानपाड्यापर्यंत धूळ खायची आहे. रस्त्याचं काम चालू, मधे खांब, बाजूला खड्डे. वडेवालीचा फोन तेलाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर गाणं चालू, आणि गोल फिरतोय.

"दे इकडे," मी म्हटलं.

"अहो आजी, बिघडेल."

"बिघडेल कसा? माझ्या बहिणीचा पण मीच करून दिला." चांदणी जाळी केलं, यादी काढली, एलटीई ओन्ली. गाणं वाजायला लागलं धो धो. वडेवालीने वड्याचे पैसे घेतले नाहीत. मी पण दिले नाहीत, कामाची मजुरी म्हणून.

तिथून कल्याणची बस. खिडकी मिळाली. काटई, मानपाडा, पत्रीपूल. दोन्ही बाजूंना इतक्या उंच बिल्डिंगा झाल्यात की कुठे कोणाचं शेत होतं ते आता त्या शेतवाल्यांनाही सांगता येणार नाही. पण ते शेतवाले चारचाकीतून फिरतात, तेव्हा मी का रडू? कल्याणला उतरून उसाचा रस प्या, बर्फ नको सांगा. मग शहाडच्या पुलावरून आंबिवलीकडे रिक्षा. पुढे ताराच्या गावापर्यंत वेगळी रिक्षा करावी लागते, तो जास्त मागतो. मी त्याला म्हटलं, "मी गावची माहेरवाशीण आहे." माहेर माझं तिथे नाही. पण त्याने दहा कमी केले.

दुपार, ताराचा ओटा

तारा ओट्यावर बसलेली. पायावर फोन, फोनमध्ये कुठलीतरी बाई भरली वांगी करत होती. गोल नाही, अडकणं नाही, झकास. मनात म्हटलं बघा, माझी कारागिरी.

माझ्याकडे बघून म्हणाली, "कनाला आयलीस?"

आमच्या बोलीत त्याचा अर्थ कशाला आलीस. बस म्हणाली नाही. पाणी दिलं, पण तांब्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. मी समजले काय ते. मी आपणहून बसले, पण पिशवी खाली ठेवली नाही.

"सायलीची हळद आहे," मी म्हटलं. "पान-सुपारी आणलीय."

"दीड महिन्यानं आठवण झाली?"

"बाय, पंधरा दिवस फोन लावतेय मी! तू उचलत नाहीस!"

"मी? खोटं बोलायचं तर निदान वळचणीला उभी राहून बोल, माझ्या ओट्यावर बसून नको. फोन हा माझ्या मांडीवर असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक फोन येत नाही. तुला मी तीनदा लावला. टूं वाजतं आणि बंद. मी म्हटलं हौसीने कापला. खारट म्हणाली, आता नातं पण कापते."

"मी कापते?"

"मग काय, फोनला स्वतःला हात फुटलेत?"

मी माझा फोन काढला. तिच्या तोंडासमोर धरला आणि तिचा नंबर लावला. दोघी बघतोय. तिच्या मांडीवर बाई वांग्यात मसाला भरतेय. माझ्या कानात दुसरी बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दोन हाताच्या अंतरावर बसलेली माणसं, आणि क्षेत्राच्या बाहेर.

तिच्या फोनवर वर बघितलं. दांड्या चार. ४जी लिहिलेलं, ठसठशीत.

तेव्हा मी माझा फोन हळूच खाली केला. सांगते का. माघात आलेली तेव्हा हाच फोन मी हातात घेतलेला. भाऊ-बहिणी, सुना, पोरं सगळी बसलेली, आणि मी सगळ्यांसमोर दाखवून दिलेलं, बघा, शाळेत न जाता कसं येतं. चांदणी जाळी.

तारा म्हणाली, "टॉवर बंद असेल का गं?"

आणि मी म्हटलं, "असेल."

हो, म्हटलं. खोटं कशाला सांगू तुम्हाला. खोटं तिला सांगितलं, तुम्हाला कशाला परत? रस्ता आयता मिळाला, मी गेले त्या रस्त्याने.

"दे, बघते मी," म्हणून फोन घेऊन परसात गेले. चुलीशेजारी उभं राहून तो हिंदीवाला व्हिडिओ काढला आणि या वेळी शेवटपर्यंत बघितला. सबस्क्राइब करा म्हणायच्या आधी तो अगदी शांतपणे सांगत होता, जुना फोन असेल तर हे करू नका. कॉल येणार नाहीत.

म्हणजे असं आहे. शिळफाट्याला जसा वरून पूल आणि खालून रस्ता, तसं समजा. ४जी वरचा पूल. व्हिडिओ पुलावरून पळतात. माझ्या नव्या फोनला बोलणं पण पुलावरून येतं. पण ताराचा फोन तिच्या पोराचा जुना, त्याला बोलायला खालच्या रस्त्यानेच यावं लागतं, २जी-बिजीने. आणि मी फक्त पूल उघडा ठेवून खालचा रस्ता दगड लावून बंद केलेला. वांगी येत होती, माणसं येत नव्हती.

दुरुस्त करायला दोन मिनिटं. सेटिंग, मोबाइल नेटवर्क, त्यात पसंतीचा नेटवर्क प्रकार, त्यात ४जी, ३जी, २जी आपोआप असं जे असेल ते. चांदणी-जाळीच्या वाटेने जायची गरजच नव्हती, ही वाट सरळ दारातूनच होती. मी आपली खिडकीतून शिरलेली.

माझ्या फोनवरून लावला. हातात वाजला! इतका मोठा वाजला की कोंबड्या पळाल्या.

बाहेर आणून दिला. "झाला. टॉवर आला."

तारा हसली. पहिल्यांदा. मग भाकऱ्या टाकल्या, तांदळाच्या, सुक्या बोंबलाचं कालवण. जेवलो. कालवण चांगलं होतं, आणि मी तसं दोनदा म्हटलं.

जेवताना तिचा फोन टुणटुणला. एक, दोन, पाच. तिला वाचता येत नाही, मला जोडाक्षरं सोडून येतं. अमुक नंबरवरून फोन आलेला, तमुकवरून आलेला, असे निरोप. बरेचसे माझेच. एक नंबर तीनदा. तो तिने लावायला सांगितला. मी स्पीकरवर टाकला.

मानपाड्याची वनिता. तिच्या मोठ्या मुलीला ताराने हळद लावलेली, आता धाकटीची होती. ती म्हणाली, "ताराबाई, किती लावला फोन! शेवटी आम्ही दुसऱ्या बायकांना सांगितलं. लोक म्हणाले तुमचा थंडीत घसा गेला, तुम्ही आता म्हणत नाही, म्हणून फोन बंद ठेवलाय."

तारा म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

मग बराच वेळ ती ताटातलं गोळा करत बसली. गोळा करण्यासारखं काही नव्हतं ताटात.

"लग्नसराई अर्धी गेली, हौसे," म्हणाली. "एक पान-सुपारी आली नाही. मला वाटलं खरंच आवाज गेला असेल. आपल्याला आपला कुठे ऐकू येतो? लोकांना येतो. मी म्हणायचं सोडलं. सकाळी गाऊन गळा मोकळा करायचे ना, ते पण सोडलं. सायलीच्या हळदीला दुसरी बघ. तिथे चिरकले तर पोरीची हळद नासेल."

म्हणजे टॉवर पुरला नाही. टॉवर एक दिवस बंद असतो, दोन दिवस असतो. दीड महिना नसतो. ती टॉवर मानून गप्प बसली असती, पण आवाज गेला हे पण मानून बसली असती, कायमची.

"बाय," मी म्हटलं, "टॉवर नव्हता. मी होते."

"काय?"

"माघात तुझा फोन घेतलेला ना, सगळ्यांसमोर. तेव्हा मी असं केलं की फोन येणंच बंद झालं. तुझा आवाज नाही गेला. फोन गेलेला. तो मी घालवला."

 मला वाटलं आता तांब्या येतो डोक्यात.

"मग मघाशी टॉवर म्हणालीस ते?"

"घाबरले."

"तू?"

"हो."

"देवाने हे ऐकायला मला इतके दिवस जिवंत ठेवलं," तारा म्हणाली. आणि मग अशा शिव्या दिल्या, ज्या सायली इथे लिहू देत नाही. आमच्या आईच्या तोंडच्या शिव्या. मी तीस वर्षांनी ऐकल्या त्या. सगळ्या आठवतात तिला, क्रमाने.

शिव्या संपल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? घसा गेला असं लोक म्हणतायत. उद्या चल मानपाड्याला. वनिताच्या दारात सांग. बायकांसमोर. जसं बायकांसमोर केलंस, तसं बायकांसमोर सांग."

दिवस दुसरा, मानपाडा

ताराने पिशवीत दोन लुगडी भरली, पण माझी पान-सुपारी अजून पदरात घेतली नव्हती. ती ओट्यावरच पडलेली. मी उचलून परत पिशवीत टाकली. हट्टी बाई आहे.

आंबिवलीहून कल्याण, कल्याणहून बसने मानपाडा. ज्यांना मधे खायचं असेल त्यांनी कल्याणात मिसळ खावी, कट वेगळा मागावा. ताराने खाल्ली, दोन पाव जास्त घेतले, पैसे माझ्याकडून काढले. दंड म्हणून, ती म्हणाली. रस्ताभर माझा फोन मी बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. "माझ्या फोनला हात लावशील तर बोटं कापीन," एवढंच बोलली.

वनिताचं घर एमआयडीसीच्या कारखान्यांमागे, जुन्या गावात. घरासमोर मांडव घालायचं चाललेलं. अंगणात सात-आठ बायका लसूण सोलत बसलेल्या. वनिता उठली, ओशाळली. दुसरीला सांगून बसलेली ना.

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते, पण बसून सांगायची गोष्ट नव्हती.

"मी हिची धाकटी बहीण," मी म्हटलं. "हिचा घसा गेला असं कोणी म्हणालं असेल तर तो गेलेला नाही. हिचा फोन मी बिघडवला. शहाणपणा करायला गेले. हिने कोणाचा फोन टाळला नाही. कोणाला बोलायचं असेल तर मला बोला."

एका म्हातारीने लसूण खाली ठेवली. "बिघडवला म्हणजे कसा?"

मी पूल आणि खालचा रस्ता सांगितला. त्या शीळ रस्त्यावर राहणाऱ्या बायका, त्यांना खालचा रस्ता बंद म्हणजे काय ते एका वाक्यात कळलं.

म्हातारी ताराकडे वळली. "घसा गेला नाही तर म्हण."

तारा म्हणाली, "अशी कशी म्हणू? हळद कुठे आहे?"

"लसूण आहे. लसणीवर म्हण."

बायका हसल्या. तारा नाही हसली. तिने पदर खोचला, डोळे मिटले.  मग तिने पहिली ओळ घेतली. सुरुवातीला आवाज थोडा खरखरला, गंज काढल्यासारखा. दुसऱ्या शब्दाला मोकळा झाला. ओळ संपली तिथे नेहमीसारखी थांबली, मागच्या बाईने उचलायला जागा ठेवून.

मी उचलली. कोणी सांगितलं नाही, तोंड आपोआप उघडलं.

लसूण सोलायचं थांबलं होतं. मांडववाला शिडीवर थांबला. वनिताने डोळ्याला पदर लावला, पण तिथे लसूण पण होती, तेव्हा मी त्याचं काही समजत नाही.

ती म्हणाली, "ताराबाई, मी त्या बायकांना नाही सांगते. तुम्हीच या."

तारा एकदम कडक. "शब्द दिलास ना त्यांना? पान-सुपारी दिलीस? मग नाही मोडायचा. त्या पण भाकरी खातात." आणि बसली. म्हणजे ती हळद गेली ती गेलीच. परत आली नाही. हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल सगळं जुळलं.

पण मग ती म्हातारी म्हणाली, "नंबर सांग. लागतो का बघते." तिने लावला. ताराच्या पिशवीत, लुगड्यांच्या खाली, फोन वाजला. मग दुसरीने लावला. मग तिसरीने. एकजण आत जाऊन सुनेचा फोन घेऊन आली. पिशवी वाजतेय, थांबतेय, वाजतेय, आणि तारा प्रत्येक वेळी पिशवीत हात घालून फोन कानाला लावून म्हणतेय, "बोला, तारा बोलते," समोर बसलेल्या बाईलाच. बायका हसून हसून लोळल्या. वरून शिडीवरच्याने पण लावला. म्हणाला माझ्या बहिणीचं ठरतंय.

इतकी मजा मला कुठल्या सहलीत आली असती, सांगा.

परत

शिळफाट्याला मी ताराला घेऊन पुलाखाली गेले. वडेवालीने मला बघितलं आणि फोन पदराखाली घातला.

"आजी, चांगला चाललाय. हात लावू नका."

"फोन येतात का?"

"आले की. सकाळी दोन आले."

तिचा फोन नवा, त्याला पुलावरून बोलता येतं. तरी मी म्हटलं, दे, पहिल्यासारखा करून देते, तुझं गाणं थोडं अडकेल, पण तुझ्या माहेरचा फोन अडकायला नको. नको म्हणाली. मी हट्ट धरला. शेवटी तिने दिला, आणि मी सरळ वाटेने जाऊन आपोआपवर टाकला. या वेळी दोन वड्यांचे आणि कालच्या एकाचे पैसे दिले. तारा बघत होती ना.

तुम्हाला सांगायचं ते हे. आपल्या फोनवर जे करायचं ते करा. दुसऱ्याच्या फोनवर केलंत, तर तिथून हलायच्या आधी शेजारी उभं राहून एक फोन लावून बघा. मला हे एका फोनचं काम होतं, माघात. मी टाळ्या घ्यायला उभी राहिले. कळव्याच्या बिल्डिंगमधल्या चारही बायकांच्या दारात परत गेल्यावर पहिलं काम तेच केलं. दोघींचे ठीक होते. तिसरीचा नव्हता. तिने मला आत बोलावून चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत ऐकवलं. चौथी गावाला गेलेली, तिचं कधी कळेल तेव्हा कळेल.

तारा कळव्याला घरात शिरली ती दारातच थांबली. म्हणाली, "आता दे." मी पिशवीतून पान-सुपारी काढून तिच्या पदरात घातली. दिलीपला बघून म्हणाली, "काय रे, रेकॉर्डिंग लावणार होतास?" दिलीप मोरीत निघून गेला.

हळद झाली. दोन तास तारा पुढे, मी मागे. सायली पिवळी झाली, रडायचं नाही ठरवलेलं आणि रडली. माझं काही तसं झालं नाही, मला पुढची ओळ उचलायची होती.

आता काय राहिलं म्हणाल, तर दोन गोष्टी. एक म्हणजे गुडघे चार दिवस सुजले. दुसरी म्हणजे दुपारी चार वाजता माझा फोन वाजतो. रोज. तारा असते.

"वाजला?"

"वाजला."

"ठेव मग."

आणि ठेवते. मी कधी उचलायला उशीर केला तर परत लावते, आणि मग 'वाजला' एवढ्यावर सोडत नाही.